सिमेंटची गोणी दूर ठेवा

यंदाचा पाऊस, सोयाबीन आणि कापसाचा भाव यांचं रोहिणखेडच्या वाचकाला आम्ही काय नवं सांगणार? तेव्हा थेट वर्षभर डोक्यात बसलेल्या गोष्टीवर येतो. जुनी दगडी वास्तू जरा खचली की आधी धावत येते ती सिमेंटची गोणी.

आपल्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. विवराच्या तळाशी काठावर मंदिरं, कमळजादेवीचं तर पाण्यालगतच. सरोवर चढलं की पाणी मंदिरांत शिरतं, उतरलं की दगड उघडा पडतो. लोक बुडण्याला भितात. खरा घात होतो वाळताना. इथलं पाणी खारट, सामू दहाच्या आसपास. काच-साबणाच्या कामी येणाऱ्या इथल्या खाराची दखल ‘आइन-ए-अकबरी’नंही घेतली; पापडी, भुस्की अशी त्याची नावं होती. हाच खार सांध्यांत, भेगांत मुरतो. ओल उडाली की आत स्फटिक धरतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. नक्षीची धार आधी जाते.

अशा दगडाला सिमेंट म्हणजे घामेजलेल्या माणसाला रेनकोट. ओल कोंडते, मग दगडातूनच वाट काढते. सिमेंट आपले क्षार आणखी घालतं, आणि खरवडायला जावं तर टवका घेऊन निघतं. चुन्याचा सांधा मऊ. झिजायचं ते तोच झिजतो, आणि पुन्हा भरता येतो. सुर्खी म्हणजे विटांची पूड घातलेला चुना तर ओलीतही घट्ट होतो. बारवा, हौद बांधणाऱ्या गवंड्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्याआधी खार ओढून काढायचा. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून दगडावर थापायचा, वाळला की काढायचा, पुन्हा थापायचा. कंटाळवाणं काम आहे, पण वाळवणीला घाई चालत नाही. स्वीडनने 1961 साली समुद्रातून काढलेलं ‘वासा’ जहाज 17 वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या फवाऱ्याखाली ठेवलं, कारण भिजलेलं लाकूड सुकताना आक्रसून फाटतं. आमच्याकडे मार्चअखेर गाठायची असते.

अंकाचा विषय यंदा ‘पाणी’. हे संपादकीय त्यात बसतं की बसवलंय, ते तुम्ही ठरवा. गावातली 1582 सालची मशीद काही पाण्याखाली नाही, पण पावसाची ओल तिलाही चुकलेली नाही. अशा प्रत्येक दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुना, सुर्खी, लगदा आणि वाळवणीचे महिने यांना स्वतंत्र रकाना हवा. तो येईस्तोवर गोणी घेऊन शिडी चढणाऱ्याला आम्ही आडवे येणारच.