टेकडीवरून इतवारी

सीताबर्डीचा किल्ला लोकांस अधिक दिवस खुला असावा, असे म्हणताच ‘नागपुरात उंचावरून पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न कित्येक सुशिक्षित गृहस्थ आम्हांस करतात. पॅरिसला आयफेल मनोरा शोभतो. इतवारीच्या गच्च्या, पत्रे आणि पाण्याच्या टाक्या यांचे छायाचित्र घेऊन कोणास दाखवावयाचे, असा त्यांचा भाव असतो. परंतु आज उपलब्ध असलेले कॅमेऱ्याचे सर्वांत जुने चित्र नीसेफोर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतले, आणि त्यात छपरे व भिंती यांवाचून फारसे काही नाही, हे या रसिकांच्या गावीही नसते!

शिवाय आमचा मुद्दा मुळी सौंदर्याचा नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात २६ व २७ या दोन दिवसांत आप्पासाहेब भोसल्यांची फौज या टेकडीवर हटली आणि टेकडी इंग्रजांकडे राहिली. पूर्वेस महाल व इतवारी पसरलेली. तिच्यावर येथून नजर राहावी, एवढाच या उंचीचा उपयोग. एकशेतीस वर्षे टेकडीने इतवारीकडे पाहिले. इतवारीने टेकडीवरून स्वतःकडे केव्हा पाहावे?

वर्षानुवर्षांची रीत अशी की, २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या तीन दिवशी दरवाजे उघडावयाचे. पैकी वैशाखातील नागपूरचे ऊन ज्यास ठाऊक आहे, तो १ मे रोजी दूरचे चित्र स्पष्ट येईल अशी आशा धरणार नाही. श्रावणातील आभाळाचा भरवसा नाही. राहता राहिला जानेवारी!

एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली. त्या जागी आता व्यापारी संकुल आहे. एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने, दरसाल एक चित्र लोकांनी घेतले असते, तर गिरणी गेली कशी आणि तिच्याभोवतीचे शहर पालटले कसे, हे आमच्या मुलांस डोळ्यांनी दिसले असते. तीच गत आता इतवारीतील लाकडी खांबांच्या वाड्यांची चालली आहे. वाडा पाडून दुकानांचे मजले चढले की जुन्या घराचा पत्ता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा उरतो, आणि म्हातारे तरी किती दिवस पुरणार?

यावर सैनिकी सुरक्षिततेचा आक्षेप येईल. तेथे प्रादेशिक सेनेचे ठाणे आहे आणि त्याचा मान आम्हांसही आहे. पण छायाचित्र ठाण्याचे मागतो कोण? ठाण्याकडे पाठ करून, तोंड इतवारीकडे करून उभे राहावयाचे आहे. उपग्रहांनी घेतलेली चित्रे घरबसल्या पाहता येतात आणि सभोवतीच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवरून टेकडीकडेच खाली पाहता येते, अशा काळात पूर्वेच्या तटाजवळ कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या शाळामास्तराची धास्ती वाटावी, हे आम्हांस तरी उमगत नाही.

इतवारीचे नाव इतवारच्या बाजारावरून पडले. तेव्हा महिन्यातील एक इतवार, दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे ऊन पाठीशी व इतवारी उजेडात असते त्या वेळी, पूर्वेच्या तटाचा तेवढा तुकडा उघडावा. नावे लिहून घ्या, पहारा ठेवा, तिकीट लावा. आमची ना नाही.