निंबोळी तेल आणि आपली अहिंसा



गेल्या वर्षी गच्चीवर दहा-बारा कुंड्या मांडल्या. गुलाब, मोगरा, दोन जास्वंदी. आमच्या मंदिरात फुले वाहण्याची पद्धत आहे आणि फूल घरचे असावे ही सासूबाईंची जुनी इच्छा. दीड महिना छान गेला. मग जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. पाहिले तर देठाशी कापूस चिकटवल्यासारखे पिठ्या ढेकूण, गुलाबाच्या शेंड्यांवर हिरवा मावा आणि दोन्हीकडे मुंग्यांची रांग.

नर्सरीवाल्याने निंबोळी तेलाची बाटली दिली. "ताई, हर्बल आहे. तुम्हा जैन लोकांना चालतं." हे ऐकून मला इतके बरे वाटले की पुढे काही विचारलेच नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली तेल, थोडे साबणाचे पाणी. तीनदा फवारले.

त्याच महिन्यात माहेरी तासगावला गेले. वडिलांची द्राक्षबाग आहे, फवारण्यांशिवाय ती हाताला लागत नाही. लहानपणी त्यावरून मी त्यांच्याशी वाद घालायची. या वेळी कौतुकाने माझी बाग सांगितली, तेलाचेही सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही पोटासाठी मारतो गं. तू कशासाठी?"

उत्तर नव्हते. पाठशाळेत आपण चार प्रकारची हिंसा शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संसारात आरंभी आणि उद्योगी पूर्ण टळत नाही, पण जाणूनबुजून मारणे मात्र सोडायचेच. बाबांची फवारणी उद्योगीत बसते. हौसेच्या चार फुलांसाठी माझी कशात बसवायची?

'हर्बल' या शब्दामागे आपण लपतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कडुनिंबातला घटक किड्याचे खाणे तोडतो, त्याला कात टाकू देत नाही, म्हणून तो मरतो. साबणाचे पाणी तर मऊ अंगाच्या माव्याला तिथल्या तिथे मारते. माती आणि आपली मुले रासायनिक विषापासून वाचतात, हे खरे. पण किड्याचा जीव जातोच ना? पाणी गाळून पिणाऱ्या, धान्य निवडून घेणाऱ्या आपण. मग फवारताना ते डोळे कुठे जातात? आणि तेच फूल भगवंतापुढे ठेवायचे!

आणखी एक चूक सांगते. गुलाबावर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्या दिसल्या, त्या मी कीड समजून पुसून टाकल्या. नंतर कळले, ती चित्रांगीची म्हणजे लेडीबर्डची पिल्ले होती. मावा हेच त्यांचे अन्न. मुंग्याही झाडासाठी येत नव्हत्या. मावा जो गोड चिकट रस सोडतो तो चाटायला येत होत्या आणि बदल्यात माव्याची राखण करत होत्या. त्यांचा संसार मला ठाऊकच नव्हता.

आता काय करते? खत निम्म्यावर आणले. नत्र जास्त झाले की पालवी कोवळी फुटते आणि माव्याला तीच हवी असते. हा दोष सर्वस्वी माझा, फुले लवकर हवी होती. कीड दाट झालेला शेंडा हलकेच कापून मागच्या रिकाम्या जागेत झुडपाखाली ठेवते. त्यातले सगळे जगतात असा माझा दावा नाही. पाण्याच्या धारेने धुणे सोडले, खाली पडलेले मुंग्यांच्या तावडीत सापडत होते. (मीठ टाकून गोगलगाय मारायचा सल्ला देणाऱ्या काकूंना मी काही बोलले नाही. बोलायला हवे होते.) कढीपत्त्याचे एक रोप फुलपाखराच्या अळ्यांसाठीच सोडले आहे, फोडणीला दुसरे.

नव्याने बाग करणाऱ्यांनी गुलाबापासून सुरुवात करूच नये. सदाफुली लावा, गोकर्ण लावा. त्यांना कीड कमी लागते.

जास्वंदीला यंदा आठवड्याला चार-पाचच फुले येतात. सासूबाई मोजतात, पण कुरकुरत नाहीत. काल शेजारच्या वहिनींनी ती तेलाची बाटली मागितली. अर्धी भरलेली आहे. द्यावी की नाही ते अजून ठरत नाही, म्हणून ती कपाटातच आहे.