माझा हात वर गेला नाही

गेल्या सत्रात आमच्या कॉलेजच्या सभागृहात डॉ. प्रकाश आमटे यांच्या जीवनावरचा चित्रपट दाखविण्यात आला. चित्रपट २०१४ सालचा. पुष्कळांनी तो आधी पाहिलेला होता, तरीही सभागृह गच्च भरले होते. दिवे लागले तेव्हा अनेकांचे डोळे ओले होते. मराठीचे सर व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, "मुलांनो, सुखाचं आयुष्य सोडून असं रानात जायला तुमच्यापैकी कोण तयार आहे?" क्षणभर शांतता पसरली. मग एकामागून एक हात वर जाऊ लागले. माझ्या बाकावरच्या तिन्ही मैत्रिणींचे हात वर गेले. माझा गेला नाही.

बाहेर आल्यावर एकीने विचारलेच, "काय गं, तुला काहीच वाटलं नाही का?" वाटले होते. इतरांइतकेच वाटले होते. पण तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आता या वार्षिकाच्या पानांतून देण्याचा प्रयत्न करते. माझ्या बोलण्यात कुणाला उद्धटपणा वाटला तर तो माझ्या वयाचा समजून क्षमा करावी.

पहिले कारण अगदी साधे आहे. सुख सोडायचे तर ते आधी हातात असावे लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत, आई भांगलणीला जाते. सकाळची एस. टी. चुकली की माझा पहिला तास बुडतो. माझे सुख म्हणाल तर एवढेच, की भर दुपारी मी वाचनालयाच्या सावलीत बसून पुस्तक वाचू शकते. ते मला मिळावे म्हणून त्याच वेळी आई उन्हात असते. मग ते सोडण्याचा हक्क माझा की तिचा? सरांच्या प्रश्नाला हात वर करताना मला आधी तिला विचारावे लागले असते.

पण एवढ्यावर थांबणे ही पळवाट झाली, हे मलाही कळते. आपल्याजवळ काही नाही असे म्हटले की सगळ्या जबाबदाऱ्यांतून आपोआप सुटका होते. म्हणून पुढचे लिहिते.

त्या रात्री मी आजीला चित्रपटाची गोष्ट सांगितली. घनदाट जंगल, चार-चार महिने कोसळणारा पाऊस, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, झोपडी, कंदिलाचा उजेड. आजी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आगं, ही तर आमच्या गावाचीच गोष्ट झाली की!"

आजीचे गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात होते. 'होते' असेच म्हणायला हवे, कारण ते आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरण झाले, १९६० च्या पुढेमागे एकेक गाव उठले आणि दहा-अकरा वर्षांची आजी आईवडिलांबरोबर सांगली जिल्ह्यातल्या या माळावर आली. इथे ना झाड, ना ओढा. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या माणसांना ज्वारीची पेर ठाऊक नव्हती. नाचणीची भाकरी थापणारा हात ज्वारीच्या पिठावर बसायला वर्ष गेले, असे आजी सांगते. ज्या खोऱ्यात पाऊस थांबता थांबत नसे, तिथली माणसे इथे आभाळाकडे बघत बसली. तिच्या लहानपणीच्या पाण्यावर वीज तयार होऊन दूरदूरच्या शहरांत दिवे लागले. आमच्या वसाहतीत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे कंदीलच होता.

मी आजीला म्हटले, "म्हणजे तुम्हीही सगळं सोडून नव्यानं सुरुवात केलीत." तिने मान हलवली. "आमी काय सोडलं न्हाई बाळा. पाणी आलं."

तिचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या मनाने सोडणारा आणि ज्याच्याकडून सोडवून घेतले तो, दोघांनाही उजाड जागी चूल मांडावी लागते. एकाला आपण त्यागी म्हणतो. दुसऱ्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, तोही हेलपाटे घातल्यावर. मुलींचेही तसेच आहे. लग्न झालेली प्रत्येक मुलगी आपले घर सोडून परक्या घरी नव्याने सुरुवात करते, पण त्याला त्याग म्हटल्याचे मी ऐकले नाही. तेव्हा नुसते सोडणे, नुसते कष्ट सोसणे हीच मोठेपणाची खूण असेल, तर आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक म्हातारीचा सत्कार करावा लागेल. मोठेपण दुसऱ्या कशात तरी असले पाहिजे.

ते कशात आहे, हे शोधताना मी वाचनालयात अल्बर्ट श्वाइट्झरची माहिती काढली. सरांनी त्या दिवशी त्याचेही नाव घेतले होते. हा माणूस युरोपातला नामांकित धर्मशास्त्रज्ञ आणि ऑर्गनवादक. प्रतिष्ठा होती, मानाची नोकरी होती. तिशीत त्याने ठरवले की आफ्रिकेत जायचे. पण लगेच बोटीत बसला नाही. १९०५ पासून तो वैद्यक शिकला आणि १९१३ मध्ये डॉक्टर होऊनच आजच्या गॅबनमधल्या लांबारेने या ठिकाणी गेला. त्याची पत्नी हेलेनही परिचारिकेचे शिक्षण घेऊन बरोबर गेली. कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांचा पहिला दवाखाना सुरू झाला. पुढे श्वाइट्झरला १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे सुख सोडायला त्याला एक दिवस पुरला असता, पण तिथे न्यायचे ते मिळवायला काही वर्षे लागली. मात्र याच श्वाइट्झरवर पुढे टीकाही झाली, की तो आफ्रिकेतल्या माणसाला भाऊ मानी, पण धाकटा भाऊ. मला त्या टीकेत तथ्य वाटते. ज्याला आपण अरण्य म्हणतो ते कुणाचे तरी अंगण असते. आजीला चित्रपटातल्या जंगलात आपले गाव दिसले, ते उगीच नव्हे. 'रानात गेला' हे शब्द बाहेरून जाणाऱ्याचे आहेत. आतल्या माणसाच्या दृष्टीने त्याच्या घरी एक पाहुणा आलेला असतो. तो काय घेऊन आला आणि घरच्यांशी कसा वागला, हे घरच्यांनाच विचारायला हवे.

या कसोटीवर मला हेमलकसा अधिक मोठे वाटते. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आमटे आणि मंदाताई, दोघेही नागपुरात शिकलेले डॉक्टर. त्यांनी नागपूर सोडले, पण वैद्यकी सोडली नाही, ती बरोबर नेली. मंदाताई भूलतज्ज्ञ. भूल देणारे कुणी नसेल तर शस्त्रक्रिया करणारा काय करणार? चित्रपटाच्या नावात 'हीरो' एकच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सुरुवातीला माडिया लोक त्यांच्याजवळ फिरकत नसत. मग या दोघांनी त्यांची भाषा शिकून घेतली. डॉक्टरने रोग्याची भाषा शिकायची, ही गोष्ट मला त्यांनी खाल्लेल्या खस्तांपेक्षा मोलाची वाटते. आमच्या वसाहतीतल्या बायका तालुक्याच्या गावी दवाखान्यात जातात तेव्हा अर्धे दुखणे सांगायचे राहून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

१९७६ साली तिथे शाळा निघाली. त्या शाळेत शिकून माडिया मुले शिक्षक झाली, डॉक्टर झाली, वकील झाली. सभागृहात माझ्या मैत्रिणी पडद्यावर प्रकाशभाऊंना आणि मंदाताईंना पाहत होत्या. मी पाटी घेऊन पहिल्यांदा शाळेत बसलेल्या त्या मुलांकडे पाहत होते. खरे सांगायचे तर, त्या गोष्टीत माझी जागा मला तिथे दिसली.

आणि अशी माणसे शोधायला आपण सातारा-सांगलीकरांनी गडचिरोलीपर्यंत किंवा आफ्रिकेपर्यंत कशाला जावे? १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडले आणि औंधच्या राजांनी दिलेल्या, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभारला. त्यांनी तिथे नांगर तयार करण्याची विद्या नेली. त्या कारखान्याचे नांगर विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले. त्याआधी त्यांनी ओगल्यांच्या कंदिलांच्या विक्रीसाठी गावोगाव प्रवास केला होता. बोलणे प्रभावी, कामात हुशारी. त्याच धंद्यात राहते तर त्यांचे घर सुखात चालले असते. पण १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि राबून शिकत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. परक्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी!

कर्मवीर कुठल्या जंगलात गेले नाहीत. ते फिरले ते याच दोन जिल्ह्यांतल्या धुळीच्या रस्त्यांनी. त्यांनी स्वतः कॉलेज पाहिले नव्हते. पण त्यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांत आज या कॉलेजचे निम्मे वर्ग भरतील. माझ्यासारखी मुलगी बाकावर बसून हात वर करावा की नाही याचा विचार करू शकते, तो त्याच वाटेने इथवर आली म्हणून.

म्हणून माझे म्हणणे असे, की कुणी काय सोडले याची मोजदाद आपण जरा कमी करावी. काय नेले आणि ते तिथल्या माणसांच्या हाती किती दिले, हे विचारावे. पाहुणा गेल्यावर घरच्यांचे अडत असेल तर तो कितीही थोर असो, त्याचे काम अपुरे राहिले. आणि दुसरे असे, की रिकाम्या हाताने रानात जाणारा तरुण तिथल्या लोकांना ओझेच व्हायचा. हात वर करणाऱ्या मैत्रिणींची मी थट्टा करीत नाही. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. पण ते दुसऱ्या दिवशी सुकते, आणि मग शिकणेच बाकी राहते.

आता स्वतःविषयी थोडे, कारण दुसऱ्याला उपदेश करणे सोपे असते. आजीच्या पिढीने जमिनीच्या कागदांवर अंगठे उठवले. त्या कागदांवर काय लिहिले आहे ते वाचून सांगणारे घरात कुणी नव्हते. अजूनही कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलेले आहे, कुणाचा दाखला कचेरीत अडलेला आहे. गेल्या वर्षापासून संध्याकाळी वसाहतीतल्या बायका पदराखाली कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी वाचून दाखवते, अर्ज लिहून देते. पण पुष्कळदा कागद वाचता येतो आणि कायदा कळत नाही. तेव्हा त्या निमूटपणे कागदाची घडी करतात आणि जातात. म्हणून बी. ए. झाल्यावर मला वकिली शिकायची आहे. घरात माझ्या लग्नाचे बोलणे सुरू झाले आहे, आणि वडील नाही म्हणत नाहीत, हो-ही म्हणत नाहीत. पुढे काय होईल ते आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र ठरवले आहे, की शिकले तर ते शिक्षण घेऊन याच माळावर परत यायचे. हे काही रान नव्हे, आणि इथे येण्यात त्यागही नाही. इथे माझी माणसे आहेत आणि त्यांचे कागद अडले आहेत.

तेव्हा सरांना एक विनंती आहे. तो प्रश्न चार-पाच वर्षांनी पुन्हा विचारा, आणि थोडा बदलून विचारा. काय सोडणार, असे न विचारता काय घेऊन जाणार आणि कुणाकडे, असे विचारा. मी सभागृहात मागच्या बाकावर येऊन बसेन. आणि त्या वेळी माझा हात वर दिसला नाही, तर मला खुशाल नाव घेऊन उभे करा.