नगराचा जन्मदाखला

लिथुएनिया देशाची राजधानी विल्नियस. तेथील मुख्य ख्रिस्तमंदिरासमोरच्या विस्तीर्ण चौकात नगराचा संस्थापक मानला गेलेला राजा गेडिमिनास याचा पुतळा आहे. व्यतौतास काशुबा या शिल्पकाराची ही कृती १९९६ साली उभी राहिली. राजा घोड्यावर आरूढ नाही. तो पायउतार होऊन घोड्याशेजारी उभा आहे. खाली चौथऱ्यावर एक लांडगा मान उंचावून आरोळी देत आहे.

या लांडग्याची कथा मोठी सुरस आहे. मृगयेने थकलेला राजा टेकडीपाशी निजला असता त्याच्या स्वप्नात एक लोखंडी लांडगा आला आणि शंभर लांडग्यांच्या बळाने ओरडू लागला. ‘येथे नगर वसव, त्याची कीर्ती दूरवर दुमदुमेल,’ असा अर्थ पुरोहित लिझ्डेइका याने सांगितला. मात्र ही कथा लिहिली गेली ती राजानंतर सुमारे दोनशे वर्षांनी!

नगराचा खरा जन्मदाखला निराळाच आहे. विल्नियसचे नाव प्रथम आढळते ते २५ जानेवारी १३२३ च्या लॅटिन पत्रात. त्या वर्षी गेडिमिनासने ल्यूबेक आदी जर्मन व्यापारी नगरांना पत्रे धाडली आणि व्यापारी, वैद्य, लोहार, चर्मकार अशा नाना व्यवसायांच्या लोकांना आपल्या राज्यात येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. तरीही येणाऱ्यांसाठी आपण ख्रिस्तमंदिरे बांधली आहेत, हे त्याने आवर्जून कळविले. परक्यांना, परधर्मीयांना असे सन्मानाने बोलावणारा राजा मला स्वप्न पाहणाऱ्या राजापेक्षा थोर वाटतो. म्हणूनच लांडग्याशेजारी एखादा लोहारही हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, आरोळी धातूत कोरता येते. पत्र कसे कोरावे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. शिवाय १९९० साली स्वातंत्र्य पुनः घोषित केलेल्या आणि १९९१ साली लेनिनचा पुतळा उतरविलेल्या लोकांना आपल्या मातीतली गोष्ट जवळची वाटली, तर त्यात नवल ते काय? आणि राजाला घोड्यावरून उतरविण्यात शिल्पकाराने दाखविलेला विवेकही मोलाचा आहे. पायउतार झालेला राजा जिंकण्यासाठी नव्हे, वसविण्यासाठी आलेला दिसतो.

२०२३ साली विल्नियसने आपली सातशे वर्षे साजरी केली. ती मोजली गेली पत्राच्या तारखेपासून. स्वप्नाची तारीख कोणीच लिहून ठेवलेली नाही.