पाऊल लहान, माणूस नव्हे

स्त्रीचे पाऊल नाजूक असावे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. परंतु असे पाऊल घेऊन बाजारात गेले की निराळाच अनुभव येतो. मला तीन नंबरची चप्पल लागते. दुकानदार एकदा माझ्याकडे पाहतो, एकदा माझ्या पायांकडे पाहतो, आणि मग लहान मुलांच्या कप्प्याकडे बोट दाखवतो. माझ्यापुरता हा थट्टेचा विषय आहे. पण जिच्या पायावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने कठीण रबराची चकती येऊन आदळते, तिने काय करावे?

असे पाय असलेली एक व्यक्ती आमच्याच घरात आहे. माझी आत्येबहीण टोरांटोला असते. वय चौतीस, नोकरी, संसार, एक मुलगा. आणि एवढे सगळे सांभाळून ती आठवड्यातून दोन रात्री बायकांच्या आइस हॉकी संघात गोल राखते. तिला स्केट्स घ्यायचे होते. एका दुकानात तिला मुलांचे स्केट्स दाखवण्यात आले. दुसऱ्या दुकानात मोठ्यांचे देऊन ‘दोन मोजे घाला’ असा सल्ला मिळाला. माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. प्रौढ माणसाचे पाऊल लहान असले तरी तो माणूस प्रौढच असतो, ही साधी गोष्ट दोन्हींकडे विसरली गेली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलापुढे गोलरक्षक उभा असतो. इतर खेळाडूंच्या स्केटचे पाते सुमारे ३ मिलिमीटर जाड आणि टोकांकडे अधिक वर वळलेले असते. गोलरक्षकाचे सुमारे ४ मिलिमीटर जाड आणि बरेच सपाट असते. कारण त्याला लांब धावायचे नसते. त्याला तोल सांभाळून उभे राहायचे, आडवे सरकायचे आणि क्षणात गुडघ्यांवर बसून पुन्हा उठायचे असते. त्याच्या बुटाला बोटांवर व बाजूंनी कठीण संरक्षण असते, कारण १७० ग्रॅमपर्यंत वजनाची ती चकती पावलावरही येते.

आता मुलांचा स्केट घ्या. तो हलक्या शरीरासाठी आणि हळू येणाऱ्या चकतीसाठी बनवलेला असतो. त्याचा बूट मऊ, संरक्षण बेताचे. पन्नास-साठ किलो वजनाची बाई त्यावर जोर देऊन आडवी सरकू लागली की घोट्याजवळ बूट वाकतो, आणि जोर पात्यापर्यंत पोहोचतच नाही. मोठा स्केट घेतला तर पाऊल आतल्या आत हलते, टाच वर उचलली जाते, फोड येतात, आणि पात्याची धार बर्फात रुतायला क्षणभर उशीर होतो. गोलरक्षकाच्या बाबतीत तेवढ्या क्षणात गोल होतो! दोन मोज्यांनी बूट भरतो, टाच मात्र जागेवर बसत नाही.

मग निवड कशी करावी? पहिली गोष्ट, पाऊल मोजून घ्यावे, तेही दोन्ही आणि रुंदीसकट. स्केटचा नंबर तिकडच्या पुरुषांच्या बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीडने कमी असतो. दुसरी गोष्ट, मुलांचे आणि मोठ्यांचे यांच्यामध्ये ‘इंटरमीजिएट’ नावाचा एक गट असतो. नाव पोरसवदा असले तरी लाजू नये. चांगल्या प्रतीचा कडक बूट लहान मापात मिळण्याची शक्यता तिथेच अधिक. तिसरी गोष्ट, स्केट पातळ मोजा घालून पाहावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे यावीत. टाच मुळीच उचलली जाऊ नये. ज्यांचे पाऊल त्याहूनही लहान आहे, त्यांनी पावलाच्या मापाने बूट करून घेता येतो का ते पाहावे. तो महाग पडतो, हे खरे.

यावर कोणी म्हणेल, मुलांचे स्केट्स स्वस्त असतात, हौसेसाठी एवढा खर्च कशाला? वजनाने हलकी आणि नुकतीच शिकू लागलेली बाई त्यांवर काही दिवस काढू शकेल, हे मी मान्य करते. पण ती निवड तिची असावी. दुकानातल्या फळीने तिच्यावर लादलेली नसावी.

स्त्रिया या खेळात काल-परवा आल्या, असेही नाही. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९९० साली ओटावात झाली. १९९२ मध्ये मॅनन रेओम ही गोलरक्षक टँपा बे संघाकडून पुरुषांच्या नॅशनल हॉकी लीगमधील सराव सामन्यात उतरली. १९९८ पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आइस हॉकी आहे. आणि आपल्या देशाचे काय? लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या मुलींच्या बळावर उभा राहिलेला भारतीय महिला संघ २०१६ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये त्याने पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणले. यांतल्या कित्येकींची सुरुवात उसन्या स्केट्सवर झाली. २०१८ मध्ये कॅनडाची नामवंत खेळाडू हेली विकेनहायझर साहित्य घेऊन लेहला आली, ही मोठीच गोष्ट. माझे म्हणणे इतकेच, की मदत करणाऱ्यांनी पेटी भरण्याआधी तिकडच्या मुलींच्या पावलांची मापे मागवावीत. चुकीच्या मापाचा स्केट फुकट मिळाला तरी तो टाच उचलू देणारच.

आपल्या महाविद्यालयात बर्फ नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण जिमखाना आहे, मुलींचा क्रिकेट संघ आहे आणि यष्टिरक्षणाचे ग्लोव्हजही आहेत. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी करण्यापूर्वी क्रीडाविभागाने एक दुपार काढून संघातील प्रत्येकीच्या हातापायांची मापे लिहून घ्यावीत, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. त्याला एक फूटपट्टी आणि एक वही पुरेल.

— तृतीय वर्ष कला