विश्लेषण : मेलेल्या बिबट्याचा स्नायू जपून का ठेवायचा?

पुणे-नाशिक महामार्गावर वाहनाच्या धडकेत बिबट्या मेला, की पुढचा क्रम ठरलेला असतो. वनखात्याचे पथक येते, पंचनामा होतो, पशुवैद्यक शवविच्छेदन करतात आणि नखे-दात मोजून मृतदेह जाळला जातो. मृत्यूचे कारण उघड असते. त्यामुळे त्या शरीरात आणखी कोण राहत होते, हा प्रश्न सहसा मागे पडतो. जुन्नर वनविभागात तरी तो मागे पडणे परवडणारे नाही.

स्नायूत कोण लपते?

‘हेपॅटोझून’ हा एकपेशीय परजीवी. त्याचा भारताशी संबंध जुना आहे. कुत्र्यातील प्रजातीची पहिली नोंद १९०५ मध्ये, तर मांजरातील १९०८ मध्ये झाली, आणि दोन्ही भारतातच. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’च्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा परजीवी भारतातील वन्य मार्जार आणि श्वान कुळातील प्राण्यांत डीएनएवरून ओळखला. कुत्र्यातील प्रजाती प्लीहा आणि अस्थिमज्जेत अधिक सापडते. मांजरकुळातील प्रजाती मात्र हृदयाच्या आणि अंगाच्या स्नायूंत घर करते.

मग रक्त तपासले तर?

अडचण तिथेच आहे. मांजरकुळात हा परजीवी रक्तात फार थोडा असतो. काचपट्टी स्वच्छ दिसली म्हणून प्राणी निरोगी, असे म्हणता येत नाही. विष्ठेतील डीएनए तर आणखी फसवा. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारावर विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे वजनाच्या हिशेबाने आहाराचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. कुत्रा खाल्लेल्या बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याचा परजीवी सापडला, तर तो बिबट्याला झालेला संसर्ग की नुसते कालचे जेवण? स्नायूच्या रंगवलेल्या पातळ कापात परजीवीची गाठ पेशींमध्ये बसलेली दिसली, तर हा वाद उरत नाही.

एवढी घाई कशाची?

हा परजीवी बहुधा एकटा मारत नाही, हे खरे. पण दुसरा आजार आला की हिशेब बदलतो. टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ मध्ये कुत्र्यांतील डिस्टेंपर विषाणूने सिंहांची मोठी हानी केली. त्या वेळी गोचिडांमुळे पसरणारा ‘बबेसिया’ हा रक्तातील परजीवीही त्यांच्यात वाढला होता, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. गीरमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये साथ आली, तेव्हा ६८ सिंह आणि ६ बिबट्यांच्या नमुन्यांत डिस्टेंपर विषाणू सापडला. ते निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले होते. म्हणजे गुजरातच्या सिंहांचे कोडे पुण्यात सुटले, आणि पुण्याच्याच उसातला बिबट्या काय घेऊन फिरतो याची पद्धतशीर नोंद नको, हे विचित्रच. जुन्नरचे पकडलेले बिबटे अन्यत्र हलवण्याची मागणी जोर धरते, तेव्हा तर हे आधी कळायला हवे. पिंजऱ्यातून बिबट्या जातो, तसे त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि आतले परजीवीही जातात.

(शेतकऱ्यांनी याची धास्ती घेण्याचे कारण नाही. बिबट्याच्या स्नायूतला हेपॅटोझून उसाच्या फडातून माणसाला चिकटत नाही.)

खर्च किती?

फार नाही. हृदय, जीभ, श्वासपटल आणि मांडी यांचे सुपारीएवढे तुकडे दोन बाटल्यांत ठेवायचे. एक फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरी अल्कोहोलची, डीएनएसाठी. सगळे एकाच फॉर्मालिनमध्ये बुडवले, तर डीएनएचे काम अवघड होऊन बसते. ही चूक टाळण्यासाठी लागते ती फक्त एक जादा बाटली. बाटलीवर तारीख, गाव, नर की मादी, अंदाजे वय आणि अंगावर गोचिडी होत्या का, एवढे लिहायचे.

तपासणीची सोयही लांब नाही. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि महामार्गाने तासा-दीड तासावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वनखात्याने एक परिपत्रक काढून अपघातात मेलेल्या बिबट्यांपासूनच सुरुवात करावी. धडकेत मेलेला बिबट्या आजारामुळे निवडला गेलेला नसतो, म्हणून भोवतालच्या जिवंत बिबट्यांचे चित्र त्याच्याकडून जास्त खरे मिळते.