चाळीसचं व्रत

लग्न, बाळंतपण आणि नवी स्कूटर या तीन विषयांवर बोलायला आपल्याकडे अनुभवाची अट नाही. पहिल्या दोन विषयांवर लोक निदान आवाज खाली आणून बोलतात. नव्या स्कूटरच्या बाबतीत मात्र सिग्नलला शेजारी उभा असलेला अनोळखी इसमही हँडलवर हात ठेवून बजावतो, "हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही हां!"

गेल्या दसऱ्याला मी स्कूटर घेतली. पेढा खाता खाता हा उपदेश आमच्या हेड कॅशियरनी केला, सोसायटीच्या वॉचमननं केला आणि जन्मात सायकलच्या पलीकडे न गेलेल्या माझ्या सासऱ्यांनीही केला. ज्या देशात दोन माणसांचं चहातल्या साखरेवर एकमत होत नाही, तिथं चाळीस या आकड्यावर एवढी एकी पाहून मला आधी गहिवरून आलं आणि मग संशय आला. सगळ्यांचे आकडे तंतोतंत जुळले की बँकेतल्या माणसाला संशय येतोच. बहुधा सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवून घेतलेलं असतं.

ती वही आमच्या वडिलांच्या पिढीची. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसू लागले. वडिलांनी नंबर लावला तेव्हा ते ब्रह्मचारी होते. गाडी दारात आली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. एवढ्या तपश्चर्येनं मिळालेल्या गाडीला कोण पळवील? शिवाय इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलातच तेल मिसळायचं, मिश्रण चुकलं आणि इंजिन तापलं की पिस्टन जाम! त्या काळी जपून चालवणं हे शहाणपण होतं, हे मी मान्य करतो. त्या चेतकला माझा नमस्कार. पण आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरला तोच काढा पाजायचा, याला काय म्हणावं?

मी कॉमर्सचा विद्यार्थी. पिस्टनशी माझा संबंध घसारा काढण्यापुरताच. तरीही गाडीबरोबर जी छोटी पुस्तिका मिळते ना, ती मी वाचली. (ही पुस्तिका म्हणजे भारतातलं सर्वांत जास्त छापलं जाणारं आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं वाङ्मय.) तिच्यात चाळीस हा आकडाच नव्हता! सुरुवातीला पूर्ण कान पिळू नका, एकदम वेग घेऊ नका, करकचून ब्रेक मारू नका, एवढंच होतं. आणि पुढचं वाक्य वाचून मी चष्मा पुसला. एकाच मंद वेगात फार वेळ चालवू नका, वेग कमीजास्त करत राहा!

कारण मोठं मजेचं आहे. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक, आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगांनी या रेघांचे उंचवटे घासून काढायचे आणि भिंतीला चपखल बसायचं, यालाच रनिंग-इन म्हणतात. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या जळणाऱ्या वायूच्या दाबानं. गाडी नुसती रांगत राहिली तर दाब कमी, घासणं अपुरं. भिंत गुळगुळीत होते, पण रिंगा काही बसत नाहीत. मग त्यांच्या फटीतून तेल वर जाऊन जळतं. थोडक्यात, पोराला जन्मभर पाळण्यात ठेवलं तर त्याचे पाय मजबूत होत नाहीत.

पण ज्ञान झालं तरी धीर कुठून आणायचा? दिवाळीत आम्ही उभयता पुण्याहून साताऱ्याला निघालो, ते चाळीसनंच. कात्रज सोडल्यापासून एक ट्रक माझ्या नंबरप्लेटचं दर्शन घेत मागे लागला होता. इंग्लंडात एकेकाळी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावत. माझ्या पाठीवर तशी पाटी नव्हती आणि असती तरी ट्रकवाला ती वाचायला थांबला नसता. शेवटी तो हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की माझी बाही फडफडली. मागून आवाज आला, "अहो, इंजिन नवीन आहे ते कळलं. पण नवरा जुना असला तरी मला एकच आहे!"

त्या क्षणी मी व्रत मोडलं. पन्नास, मग पंचावन्न, चढावर थोडा जोर, उतारावर थोडी विश्रांती. इंजिन हूं की चूं बोललं नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. रिंगा घासल्या की धातूचा बारीक कीस निघतो. तो जातो कुठं? इंजिनच्या तेलात. म्हणून हजार किलोमीटरच्या आत पहिली सर्व्हिस करून ते तेल बदलायचं असतं. सगळ्या व्यवहारातली ही एकच गोष्ट टाळण्यासारखी नाही, आणि नेमकी तीच आपण टाळतो. सर्व्हिस फुकट असली तरी तेलाचे पैसे पडतात ना! मग "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणत तो कीस इंजिनभर फिरवत ठेवायचा. महिनाभर चाळीसचं व्रत कडकडीत पाळणारी माणसं उद्यापनाच्या दिवशी पाकीट विसरतात. जे फुकटात पाळता येतं ते शास्त्र आणि ज्याला चार पैसे लागतात ती कंपनीची लूट, असा आपला हिशेब!

परवा हेड कॅशियरची स्कूटर बँकेच्या आवारात निळा धूर सोडत शिरली. गाडीला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. मी नम्रपणे विचारलं, "साहेब, हिची पहिली सर्व्हिस कधी केली होती?"

त्यांनी खोकत खोकत माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "सर्व्हिस? ती कशाला? मी चाळीसच्या वर कधी नेलीच नव्हती!"